शनिवार-रविवारचा परदेश

सोफिया कोर्राडी ही इटालियन विद्यार्थिनी १९५८ साली न्यूयॉर्कहून रोमला परतली. फुलब्राइट शिष्यवृत्ती मिळवून ती कोलंबिया विद्यापीठात गेली होती आणि कायद्यातली पदव्युत्तर पदवी घेऊन आली होती. ते प्रमाणपत्र तिने आपल्या विद्यापीठाच्या कचेरीत पुढे केलं. ते ग्राह्य धरायला नकार मिळाला तो मिळालाच, वर अमेरिकेत मजा मारून आलीस, आता राहिलेल्या परीक्षांना बस, अशा अर्थाचं चारचौघांत ऐकून घ्यावं लागलं. कोर्राडीबाईंनी ते मनात ठेवलं. पुढे शिक्षणशास्त्राच्या प्राध्यापक झाल्यावर त्यांनी कुलगुरूंचे, मंत्र्यांचे, नोकरशहांचे उंबरे झिजवले. परदेशात केलेला अभ्यास मायदेशी मोजला गेला पाहिजे, एवढीच मागणी. १९८७ मध्ये युरोपीय समुदायाने ‘इरॅस्मस’ योजना सुरू केली तेव्हा पहिल्या वर्षी ११ देशांमधल्या ३,२४४ विद्यार्थ्यांनी तिचा लाभ घेतला. आजवरच्या सगळ्या सहभागींचा आकडा एक कोटीच्या पुढे गेला आहे आणि कोर्राडी ‘मम्मा इरॅस्मस’ म्हणून ओळखल्या गेल्या.

त्या कचेरीतला टोमणा मात्र अजून जिवंत आहे. ब्रुसेल्समध्ये अंदाजपत्रकाची चर्चा सुरू झाली की कुणीतरी तो नव्याने काढतो. करदात्यांच्या पैशांवर ही मुलं शिकतात की फिरतात? ठाण्या-पुण्याच्या घरांतही तो येतो, फक्त गोड आवाजात. मुलीने प्रागच्या पुलावरचा फोटो टाकला की मावशी खाली लिहिते, “छानच! अभ्यास कधी करतेस गं?”

प्रश्न अगदीच गैरलागू नाही. सहामाहीला तीस श्रेयांक मिळवायचे असतात, आणि वेळापत्रक हाती आलं की बहुतेकांची पहिली खटपट असते ती शुक्रवार मोकळा ठेवण्याची. मग तीन दिवस हाताशी लागतात. व्हिएन्नाहून ब्रातिस्लावा, हेलसिंकीहून बोटीने टाल्लिन, ल्योनहून जिनिव्हा. पाठीवर एक पिशवी, तिच्यात दोन टी-शर्ट, चार्जर आणि भारतीय असेल तर चिवड्याची पुडी. रविवारी रात्री परत, सोमवारी सकाळी वर्गात पेंगणारे चेहरे. प्राध्यापकांना हे दिसत नाही असं नाही.

या सहलींवर टीका करणारे आणि त्यांचं कौतुक करणारे एकाच जागी चुकतात. दोघेही हिशेब मांडतात तो पाहिलेल्या देशाचा. टीकाकार म्हणतात, दोन दिवसांत काय कळणार? कौतुक करणारे म्हणतात, बघा, चार महिन्यांत अकरा देश झाले! दोन दिवसांत देश कळत नाही हे सांगायला विचारवंत लागत नाही. पण या सहलीत अभ्यासाचा विषय ते शहर नसतंच. विषय असतो बरोबर आलेली माणसं, आणि त्या माणसांच्या रांगेत आपण नेमके कुठे उभे आहोत हा. हे वर्गात कळत नाही. वसतिगृहाच्या पार्टीतही कळत नाही. त्यासाठी अनोळखी गावात रात्री अकरा वाजता शेवटची बस चुकावी लागते.

तरुणांनी शिक्षणाच्या नावाखाली हिंडावं ही कल्पना इरॅस्मसहून बरीच जुनी. सतराव्या-अठराव्या शतकांत इंग्रज उमरावांची मुलं पॅरिस, व्हेनिस, रोम अशी दोन-तीन वर्षांची फेरी करत. ‘ग्रँड टूर’ हे तिचं नाव रिचर्ड लॅसल्सच्या १६७० सालच्या इटलीवरच्या पुस्तकात आढळतं. बरोबर एक शिक्षक असे. त्याला थट्टेने ‘अस्वलवाला’ म्हणत, कारण सांभाळायचं जनावर तसंच असायचं. ॲडम स्मिथने ‘वेल्थ ऑफ नेशन्स’मध्ये या प्रथेवर कोरडे ओढले आहेत. सतराव्या-अठराव्या वर्षी गेलेला मुलगा एकविसाव्या वर्षी परततो तो अधिक गर्विष्ठ, अधिक उधळा आणि कोणत्याही गंभीर कामाला नालायक होऊन, असं त्याचं म्हणणं. हे लिहिणारा स्मिथ स्वतः १७६४ ते १७६६ या काळात बक्लूच्या ड्यूकचा अस्वलवाला होता आणि त्याबद्दल त्याला वर्षाला तीनशे पौंडांची तहहयात पेन्शन मिळत होती. फ्रान्समधल्या तूलूझ गावी त्याला इतका कंटाळा आला की वेळ घालवायला आपण एक पुस्तक लिहायला घेतलं आहे, असं त्याने डेव्हिड ह्यूमला कळवलं. ते पुस्तक म्हणजे पुढे गाजलेला तोच ग्रंथ, असं अनेक अभ्यासक मानतात. सहलीला नावं ठेवणारं पुस्तक सहलीतच उगवलं असेल तर ती त्या सहलीची कमाई म्हणायला हरकत नाही.

उमरावांची ही चैन सामान्यांच्या आवाक्यात आणली ती एका शाळामास्तराने. रिचर्ड शिरमान हे जर्मन शिक्षक १९०९ च्या ऑगस्टमध्ये मुलांना घेऊन पायी सहलीला निघाले असताना वादळात सापडले. रात्र एका गावच्या शाळेत, पेंढ्यावर काढावी लागली. सुट्टीत ओस पडलेल्या शाळांमध्ये मुलांना मुक्काम करू दिला तर, हा विचार त्यांना त्या रात्री सुचला. १९१२ साली आल्टेनाच्या किल्ल्यात पहिलं कायमचं युवा वसतिगृह उभं राहिलं. एका खोलीत अनेक खाटा, सगळ्यांना मिळून एक स्वयंपाकघर, भांडी ज्याची त्याने घासायची. ही रचना अजून तीच आहे. मग १९७२ मध्ये इंटररेलचा पास आला, एकवीस वर्षांपर्यंतच्या तरुणांना एकवीस देशांत महिनाभर रेल्वेप्रवास. नव्वदच्या दशकात युरोपचं आकाश खुलं झालं आणि स्वस्त विमान कंपन्या पसरल्या. इरॅस्मस विद्यार्थ्यांच्या संघटनेने २०१७ मध्ये रायनएअरशी करार करून सवलतही मिळवली. विमानाचं तिकीट जेवणाहून स्वस्त, मात्र फ्रँकफुर्टच्या नावाने उतरायचं ते शंभर किलोमीटरहून दूर हानला आणि पॅरिसच्या नावाने बोव्हेला. एक शिकवण तिथेच मिळते म्हणायची.

आता असा एक गट डोळ्यांपुढे आणू. व्हिएन्नात सहामाहीसाठी आलेले पाच जण. ल्योनची मुलगी, बोलोन्याची मुलगी, फिनलंडमधल्या ताम्पेरेचा मुलगा, इझमिरचा मुलगा आणि ठाण्याची मुलगी. ही माणसं काल्पनिक असली तरी असे गट दर शनिवारी सकाळी व्हिएन्नाच्या मुख्य स्थानकावर दिसतात. जायचं आहे ब्रातिस्लावाला. दोन राजधान्यांमधलं अंतर साठ किलोमीटरच्या आत-बाहेर, गाडीला तासभर. ठाण्याहून कर्जतला जायला जेवढा वेळ लागतो, साधारण तेवढ्यात देश बदलतो.

बदलला हे कळतही नाही. पवनचक्क्यांची शेतं संपतात आणि समोर पेत्रझाल्काच्या उंच इमारती येतात. काँक्रीटच्या तयार भिंती जोडून उभारलेली ही प्रचंड वसाहत, लाखभर लोकांची. साम्यवादी काळात इथल्या वरच्या मजल्यांवरून ऑस्ट्रिया दिसत असे; तिथे जाता येत नसे. त्याआधीची गोष्ट आणखी वेगळी. १९१४ साली या दोन शहरांमध्ये विजेची रेल्वे सुरू झाली होती. तेव्हा हे शहर जर्मन बोलणाऱ्यांसाठी प्रेसबुर्ग आणि हंगेरियनांसाठी पोझोन्य होतं. संध्याकाळी व्हिएन्नात ऑपेरा ऐकून रात्री घरी परतणाऱ्या लोकांच्या आठवणी अजून सांगितल्या जातात. म्हणजे तासाभराचा रस्ता, मग चार दशकं भिंत, मग पुन्हा तासाभराचा रस्ता. स्लोव्हाकिया शेंगेन क्षेत्रात, म्हणजे सीमेवर तपासणी नसलेल्या देशांच्या गटात, आला २१ डिसेंबर २००७ रोजी. आजच्या गटातली मुलं तेव्हा बालवाडीत होती किंवा जन्मलीही नव्हती.

हे सगळं त्या पाच जणांना माहीत असतं का? बहुधा नाही. ती सरळ जुन्या गावात जातात आणि गटाराच्या झाकणातून डोकं बाहेर काढून हसणाऱ्या चुमिलच्या ब्राँझ पुतळ्याशेजारी फोटो काढतात. पुतळा १९९७ सालचा, पण त्याच्या डोक्यावरून इतके हात फिरले आहेत की ते चकाकतं. मग निळं चर्च, मग डॅन्यूबवरच्या पुलाच्या टोकाशी बशीसारखं बसवलेलं उपाहारगृह. टीकाकारांचा मुद्दा इथे पुरता लागू पडतो. याच पुलाला शहरात येणारा रस्ता काढण्यासाठी साठच्या दशकाच्या अखेरीस गडाखालची जुनी ज्यू वस्ती पाडली गेली; सेंट मार्टिन कॅथेड्रलच्या शेजारी उभं असलेलं सिनेगॉग १९६९ मध्ये जमीनदोस्त झालं. कॅथेड्रल राहिलं; तिथे १५६३ ते १८३० या काळात हंगेरीच्या राजांचे राज्याभिषेक झाले होते. सिनेगॉगच्या जागेपाशी आता एका काळ्या भिंतीवर त्याची रेखाकृती कोरलेली आहे. चुमिलपासून तिथवर पाच-सात मिनिटांचं चालणं. फोटोंची रांग त्या भिंतीपर्यंत पोचत नाही.

पोचली असती तर मुलं शहाणी झाली असती, असं मात्र समजू नये. स्मारकापुढे उभं राहून गंभीर चेहरा करणं हीही एक सवय असते. पु. ल. देशपांड्यांचं ‘अपूर्वाई’ १९६० मध्ये आलं आणि ते अजून वाचलं जातं. त्यात किती संग्रहालयं आहेत हे बहुतेक वाचकांना सांगता येणार नाही. माणसं मात्र आठवतात. पु. लं.ना तिथे रेंगाळायला वेळ मिळाला होता, हा फरक आहे. वीकेंडला रेंगाळणं परवडत नाही. मग भेटतात ती स्थानिक माणसं बहुतेक करून काउंटरच्या पलीकडली.

संशोधकांनाही हे ठाऊक आहे. इमॅन्युएल सिगालस यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ब्रिटनमधून बाहेर जाणाऱ्या आणि ब्रिटनमध्ये येणाऱ्या इरॅस्मस विद्यार्थ्यांकडे पाहिलं. यजमान देशातल्या लोकांशी त्यांचा संबंध कमी, इतर परदेशी विद्यार्थ्यांशी जास्त, आणि ‘आपण युरोपीय’ ही भावना वाढल्याचा खात्रीचा पुरावा नाही, असं त्यांना आढळलं. थेरेसा कून यांनी २०१२ मध्ये वेगळ्या बाजूने बोट ठेवलं. जी मुलं जातात ती आधीपासूनच सीमांपलीकडे विचार करणारी, शिकलेल्या घरांतली असतात. ज्यांच्यात बदल घडू शकला असता ती घरीच राहतात. त्याच वर्षी उंबेर्तो एको एका मुलाखतीत म्हणाले होते की इरॅस्मस टॅक्सीचालक, प्लंबर आणि कामगारांसाठीही हवा. २०१५ मध्ये क्रिस्टीन मिचेल यांचा अभ्यास आला, त्यात मात्र परदेशी सहामाहीने युरोपीय ओळख बळकट होते असं दिसलं. म्हणजे निकाल लागलेला नाही. युरोपीय आयोगाने दरम्यान, २०१४ मध्ये, एक निराळाच हिशेब दिला. इरॅस्मसला गेलेल्यांपैकी २७ टक्क्यांना आपला दीर्घकाळचा जोडीदार तिथेच भेटला, आणि १९८७ पासून अशा जोड्यांना सुमारे दहा लाख मुलं झाली असावीत! ओळख मोजायचं हे परिमाण कुठल्याही समाजशास्त्रज्ञाला सुचलं नसतं.

या सगळ्या चर्चेत ‘आपण युरोपीय’ ही भावना मध्यभागी आहे. ठाण्याच्या किंवा इझमिरच्या मुलाने त्या सहलीत कुठली ओळख घेऊन यायची, हा प्रश्न तिथे येत नाही. तो फार थोड्यांचा आहे असंही नाही. इरॅस्मस मुंडुस ही जगभरच्या विद्यार्थ्यांसाठीची योजना २००४ पासून चालू आहे आणि तिच्या शिष्यवृत्त्या मिळवणाऱ्यांत भारतीय सातत्याने आघाडीवर आहेत. तुर्कस्तान तर २००४ पासून मूळ इरॅस्मसमध्येच आहे.

म्हणून पुन्हा त्या पाच जणांकडे. गॉर्डन ऑलपोर्ट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये मांडलं होतं की निरनिराळ्या गटांची माणसं नुसती एकत्र आणल्याने पूर्वग्रह जात नाहीत. दर्जा समान हवा, उद्दिष्ट एक हवं, एकमेकांवाचून काम अडायला हवं आणि वरच्या संस्थेचा पाठिंबा हवा. विद्यापीठाच्या ‘आंतरराष्ट्रीय खाद्यमेळ्या’त यातलं फारसं काही नसतं, तिथे ठाण्याची मुलगी साडी नेसून समोसे वाढते आणि ‘इंडिया’ होऊन जाते. वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात, एकच पातेलं आणि पाच भुका असताना, हे सगळं आपोआप जुळून येतं. ऑस्ट्रियात रविवारी दुकानं बंद असतात, त्यामुळे शनिवारी काय घ्यायचं हे आठवण ठेवून ठरवण्याची सवय एव्हाना सगळ्यांना लागलेली असते. स्लोव्हाक जेवणात हालुश्की येतात, बटाट्याच्या छोट्या गोळ्यांवर मेंढीच्या दुधाचं चीज. वर डुकराच्या चरबीचे कुरकुरीत तुकडे असतात. ठाण्याची मुलगी आणि इझमिरचा मुलगा दोघेही वेटरला तेवढं वगळायला सांगतात, दोन अगदी निराळ्या कारणांनी, आणि मग एकमेकांकडे पाहून हसतात. आपण ‘बाहेरचे’ आहोत हे इथे दोघांना एकदम कळतं, आणि एकमेकांसारखे नाही हेही.

मग बिल येतं. पैशांइतकं संस्कृतीबद्दल दुसरं काहीच सांगत नाही. व्हिएन्नात वेटर स्वतःच विचारतो, एकत्र की वेगवेगळं? ताम्पेरेच्या मुलाला सेंटपर्यंत आपला हिस्सा मोजून देण्यात काहीच गैर वाटत नाही; कुणाचं देणं न ठेवणं हाच त्याच्यासाठी आदर. इझमिरचा मुलगा ते पाहून अस्वस्थ होतो, कारण त्याच्या घरी बिलासाठी झटापट करणं हा पाहुणचाराचा भाग. ठाण्याच्या मुलीला दोन्ही ठाऊक असतं. कॉलेजात तिने ‘कॉन्ट्री’ काढलेली असते, ‘टीटीएमएम’ म्हणजे तू तुझं मी माझं केलेलं असतं. घरी मात्र काकांनी बिल दिलं नाही तर अपमान होतो हेही पाहिलेलं असतं. फोनवरच्या हिशेबाच्या ॲपमध्ये शेवटी सगळं बसतं. बसत नाही ते एवढंच की बोलोन्याची मुलगी दर वेळी पाणीच का मागते. तिला मिळणारं अनुदान तुटपुंजं, घरून फारसं येत नाही. उलट ठाण्याच्या मुलीला इरॅस्मस मुंडुसचे महिन्याला १,४०० युरो मिळतात. युरो शंभर रुपयांच्या घरात गेल्यावर सगळं महाग वाटण्याची सवय लागलेल्या भारतीय मुलीला गटात आपण सधन आहोत हा शोध हादरवणारा असतो. शैक्षणिक कर्ज काढून आलेल्या तिच्याच वर्गमित्राची गोष्ट वेगळी. तो अशा सहलीला येतच नाही. वीकेंडला तो गोदामात काम करतो. सहलींवरच्या लेखांत त्याचा उल्लेख नसतो, पण त्यांचा हिशेब त्याला धरूनच करायला हवा.

सेद्रिक क्लापिश या फ्रेंच दिग्दर्शकाचा २००२ सालचा ‘लोबेर्ज एस्पान्योल’ हा चित्रपट इरॅस्मसच्या पिढीचा आरसा मानला जातो. पॅरिसचा एक मुलगा बार्सिलोनाला जातो आणि निरनिराळ्या देशांच्या मुलांबरोबर एका घरात राहतो. नावाचा शब्दशः अर्थ ‘स्पॅनिश खाणावळ’, पण फ्रेंचमध्ये तो वाक्प्रचार आहे. जिथे गेल्यावर आपण आणलेलंच आपल्याला खायला मिळतं अशी जागा. आपला शिधा आपण न्यायचा. त्या चित्रपटातल्या घरात पश्चिम युरोप बहुतेक सगळा आहे. पूर्वेकडचं आणि युरोपाबाहेरचं कुणी त्या स्वयंपाकघरात नाही. सगळ्यांचा शिधा साधारण एकाच वाण्याकडचा.

खरा फरक मात्र स्वयंपाकघरात दिसत नाही, तो पुढच्या सहलीचं ठरवताना दिसतो. “डब्लिनला जाऊ या का, पुढच्या शुक्रवारी?” ल्योनची मुलगी अगदी सहज म्हणते. तिच्या खिशातल्या ओळखपत्रावर तिला आयर्लंडमध्ये शिरता येतं. ऑस्ट्रियाच्या निवास परवान्यावर ठाण्याच्या मुलीला शेंगेन क्षेत्रातल्या इतर देशांत कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं. आयर्लंड आणि ब्रिटन त्यात येत नाहीत. वेगळा व्हिसा, वेगळी फी, बँकेचे कागद, तारीख. क्रोएशिया २०२३ पर्यंत शेंगेनच्या बाहेर होता. रुमानिया आणि बल्गेरिया पूर्णपणे आत आले ते १ जानेवारी २०२५ रोजी. हे दिवस भारतीय विद्यार्थ्यांना तोंडपाठ असतात आणि फ्रेंच विद्यार्थ्यांना ठाऊकही नसतात. ठाण्याची मुलगी मग म्हणते, “मला त्या आठवड्यात सबमिशन आहे.” व्हिसाचं कारण सांगितलं की सगळ्यांचे चेहरे पडतात, कुणी “किती अन्यायकारक!” म्हणतं, आणि नंतर बेतच बदलला जातो. उपकार घेतल्यासारखं वाटतं. त्यापेक्षा सबमिशन बरं.

ब्रेक्झिटनंतर याची किंचित चव युरोपीयांनाही मिळाली. ऑक्टोबर २०२१ पासून ब्रिटनमध्ये शिरायला त्यांचं साधं ओळखपत्र चालेनासं झालं, पासपोर्ट लागू लागला. पॅरिस आणि ब्रुसेल्सच्या तरुणांनी यावर जो वैताग व्यक्त केला तो ऐकून कुठल्याही भारतीयाला हसू आलं असतं. तरीही तो वैताग खोटा नव्हता. मिळालेलं स्वातंत्र्य हे स्वातंत्र्य आहे, हे काढून घेतल्यावरच त्यांना कळलं.

आणि ज्या सीमा नाहीत असं म्हणतात त्याही अधूनमधून उगवतात. १९८५ च्या १४ जूनला पाच देशांनी मोझेल नदीवर एका बोटीत बसून शेंगेनच्या करारावर सह्या केल्या आणि १९९५ पासून तो अमलात आला. पण जर्मनी २०१५ पासून ऑस्ट्रियाच्या सीमेवर तपासणी करतोच आहे आणि सप्टेंबर २०२४ पासून ती आपल्या सगळ्या भूसीमांवर केली आहे. साल्झबुर्गहून म्यूनिककडे जाणाऱ्या गाडीत पोलिस चढतात. डब्यात पाच मित्र बसलेले असतात, आणि कागद आधी कुणाचे मागितले जातात हे विचारायची गरज नसते. डिसेंबर २०१० मध्ये कासेलहून फ्रँकफुर्टकडे जाणाऱ्या गाडीत एका कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला असंच हटकलं गेलं. तो जर्मनच होता. प्रकरण न्यायालयात गेलं आणि २०१२ मध्ये कोब्लेंझच्या उच्च प्रशासकीय न्यायालयाने वर्णावरून निवड करून तपासणी करणं हा समानतेच्या तत्त्वाचा भंग असल्याचं स्पष्ट केलं. पोलिसांना माफी मागावी लागली. निकाल महत्त्वाचा आहे. पण शेजारी बसलेल्या फिनिश मित्राला त्याहून महत्त्वाचं काहीतरी त्या तीन मिनिटांत कळतं. त्याच्याकडे कुणी पाहिलंही नाही, हे त्याच्या लक्षात येतं. एकट्याने प्रवास केला असता तर ते कधीच आलं नसतं. इरॅस्मसवरचे सारे अहवाल ज्या ‘आंतरसांस्कृतिक जाणिवे’बद्दल बोलतात ती कुठे असेल तर या तीन मिनिटांनंतरच्या अवघडलेल्या शांततेत.

यावर कुणी म्हणेल, एवढ्यासाठी दर आठवड्याला विमानं उडवायची का? नक्कीच नाही. स्वीडिश भाषेने २०१८ च्या सुमारास ‘फ्लिगस्काम’, विमानप्रवासाची लाज, असा शब्दच प्रचारात आणला. बार्सिलोना आणि व्हेनिसचे रहिवासी वीकेंडच्या पाहुण्यांना कंटाळले आहेत, तेही बरोबर आहे. पण वर सांगितलेलं काहीही घडायला विमान लागत नाही, दूरचं गाव लागत नाही. उलट ते जितकं जवळ आणि मार्ग जितका संथ, तितका सोबतीला वाव अधिक. चार महिन्यांत अकरा देश करणारी मुलं एकमेकांना फारशी ओळखत नाहीत. ती विमानात कानात बोळे घालून झोपलेली असतात.

भारतीय मुलांच्या बाबतीत आणखी एक खटकणारी गोष्ट आहे. युरोपात शिकणारे मराठी विद्यार्थी पुष्कळदा आपापसांतच सहली काढतात. कारणं समजण्यासारखी आहेत. जेवणाची अडचण नाही, विनोद समजावून सांगावे लागत नाहीत, आणि व्हिसाचं रडगाणं सगळ्यांचं एकच. अशा सहलीत मजा भरपूर येते. फक्त ती लोणावळ्याची सहल असते, मागे आल्प्स असलेली.

ब्रातिस्लावाची दुसरी सकाळ. चुमिल झाला, पूल झाला, पाऊस नाही. वसतिगृहातल्या कुणीतरी सांगितलं म्हणून ही पाच जणं भाड्याच्या सायकलींवर देवीनला निघतात. मोरावा नदी डॅन्यूबला मिळते तिथे उंच कड्यावर किल्ला, आणि खाली पाण्याजवळ काँक्रीटची एक कमान, गोळ्यांनी भोकं पडल्यासारखी, गज तुटलेले. सीमा ओलांडताना मारल्या गेलेल्या सुमारे चारशे लोकांचं हे स्मारक. नदीचं पात्र इथे इतकं अरुंद आहे की पलीकडच्या काठावरच्या माणसाला हाक मारता येईल. १० डिसेंबर १९८९ रोजी इथून जवळच ब्रातिस्लावाचे हजारो लोक, म्हातारेकोतारे आणि बाबागाडीतली पोरं धरून, व्हिसाशिवाय चालत पलीकडे हाइनबुर्गला गेले. ‘नमस्कार, युरोप’ असं त्या मोर्चाचं नाव होतं. ल्योनची मुलगी हे फोनवरून मोठ्याने वाचून दाखवते. इझमिरचा मुलगा विचारतो, “व्हिसाशिवाय? आणि कुणी अडवलं नाही?” प्रश्न इतिहासाचा असतो, पण त्याचा आवाज इतिहासाचा नसतो.

काठाकाठाने उत्तरेला गेलं की सायकलींचा एक पूल लागतो, २०१२ साली खुला झालेला. त्याला नाव काय द्यावं म्हणून लोकांचा कौल मागवला तेव्हा पहिला आला अमेरिकी मारधाडपटांतला नट चक नॉरिस. प्रांताच्या विधिमंडळाने तो कौल बाजूला ठेवून ‘स्वातंत्र्याचा सायकलपूल’ असं नाव दिलं. ही गोष्ट ऐकून पाचही जणं पोट धरून हसतात. पूल ओलांडला की ऑस्ट्रिया, आणि थोडं पुढे श्लोसहोफचा राजवाडा. पुलावर चौकी नाही, पोलिस नाही, साधी पाटीही लक्ष द्यावी तेव्हा दिसते. ताम्पेरेचा मुलगा हात सोडून सायकल हाकत पुढे जातो, मागे बोलोन्याची आणि ल्योनची.

पुलाच्या मध्यावर ठाण्याची मुलगी ब्रेक लावते. एक पाय जमिनीवर टेकवून पाठीवरची पिशवी पुढे घेते, आतली चेन उघडते, प्लास्टिकच्या पाकिटातला पासपोर्ट आणि निवासाचं कार्ड जागेवर आहे ना, हे बोटांनी चाचपते. पुढे गेलेले तिघं वळून विचारतात, काही राहिलं का? “काही नाही,” ती म्हणते. तिच्या मागे थांबलेला इझमिरचा मुलगा काहीच विचारत नाही. त्याचाही एक हात जाकिटाच्या आतल्या खिशावर असतो.